धुराड्यातला सूर्य : लंडनमध्ये बसून रचलेलं एक बेट

(या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा भाग एका प्रश्नापासून सुरू करतो. तुमच्या गावात भर दुपारी सूर्याचं ऊन धुराड्यातून सरळ खाली चुलीपर्यंत येतं का?

प्रश्न विचित्र वाटेल, पण तो विचारणारा माणूस साधा नव्हता. एडमंड हॅली, ज्याच्या नावाचा धूमकेतू आहे तोच. आणि ज्याला विचारला तो होता विशी-पंचविशीतला, गोरापान, सोनेरी केसांचा एक तरुण. लंडनमध्ये त्या वेळी त्याच्या नावाची चर्चा होती. तो म्हणायचा, मी फॉर्मोसा बेटाचा आहे. फॉर्मोसा म्हणजे आजचं तैवान. 

हॅलीच्या प्रश्नातली मेख आपल्याकडच्या लोकांना चटकन कळेल. पुण्या-मुंबईत मे महिन्यात ‘शून्य सावली’चा दिवस असतो, पोरं गच्चीवर बाटल्या उभ्या करून सावली गायब होताना बघतात. सूर्य बरोबर डोक्यावर येतो म्हणून हे होतं. तैवानमधून कर्कवृत्त जातं. म्हणजे जूनमध्ये तिथे सूर्य डोक्यावर येणारच, आणि धुराडं सरळ असेल तर ऊन थेट तळाशी पडणारच. तरुण म्हणाला, नाही, येत नाही. असं कसं, म्हणून धरल्यावर त्याने लगेच उत्तर दिलं : आमच्याकडची धुराडी वाकडी असतात.

मी हा किस्सा पहिल्यांदा वाचला तेव्हा खूप हसलो होतो, आणि मित्रांच्या कोंडाळ्यात दोन-तीनदा सांगितलाही होता. आता तो तसा सांगवत नाही. का, ते पुढे येईलच.

या तरुणाचं नाव जॉर्ज सॅल्मनाझार. हे खरं नाव नव्हे. खरं नाव त्याने मरेपर्यंत कोणाला सांगितलं नाही, मेल्यानंतर छापून आलेल्या आत्मचरित्रातही ते नाही. जन्म साधारण १६७९ च्या आसपासचा, बहुधा दक्षिण फ्रान्समधला. शिक्षण जेझुइट पाद्र्यांच्या शाळेत. लॅटिन उत्तम, भाषांची जबरदस्त जाण, आणि खिशात दमडी नाही. त्या काळात युरोपात फिरायचं तर यात्रेकरू होणं सोयीचं असे, भीक मिळे, निवारा मिळे. म्हणून हा आधी आयरिश यात्रेकरू झाला. पण रस्त्यात भेटणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना आयर्लंड थोडंफार माहीत होतं. सोंग उघडं पडायला लागलं. मग त्याने सरळ हिशेब केला : ज्या देशाबद्दल समोरच्याला काहीच माहीत नाही, तोच देश आपला.

तो देश म्हणजे जपान. आधी ख्रिस्ती झालेला जपानी, मग ख्रिस्ती न झालेला जपानी. कागदपत्रं स्वतःच बनवली. सूर्य-चंद्र-ताऱ्यांची चित्रं आणि खाली मनाला येईल ती अक्षरं, अशी एक छोटी वही केली आणि सकाळी उगवत्या सूर्याकडे तोंड करून त्यातलं काहीबाही गात बसायचा. नाव घेतलं बायबलमधल्या शल्मनेसर या असिरियन राजाचं, पुढे एक ‘प’ जोडून. पुढे सैन्यात भरती झाला आणि त्याची पलटण नेदरलँड्समधल्या स्लुइस या गावी आली.

तिथे त्याला विल्यम इनेस भेटला. स्कॉटिश पलटणीचा पाद्री. माझ्या मते या गोष्टीतला खरा मासा हा आहे. इनेसने काय केलं? सिसेरोच्या लॅटिन पुस्तकातला एक उतारा या ‘जपानी’ तरुणाला दिला आणि म्हणाला, तुझ्या भाषेत लिहून दाखव. त्याने लिहून दिलं. इनेसने कागद ठेवून घेतला आणि काही वेळाने म्हणाला, अरे, तो कागद हरवला, पुन्हा एकदा लिही. दुसऱ्या कागदातले निम्म्याहून जास्त शब्द वेगळे निघाले.

आता सभ्य माणूस इथे काय करेल? एक तर हाकलून देईल, नाही तर पोराला समजावेल. इनेसने त्याला एवढंच सांगितलं की पुढच्या वेळी जरा जपून. मग त्याचा बाप्तिस्मा करून त्याला ‘जॉर्ज’ हे नाव दिलं, लंडनच्या बिशपला पत्र धाडलं आणि १७०३ च्या अखेरीस त्याला घेऊन लंडनला आला. इथवर हा जपानी होता, आता तो फॉर्मोसाचा झाला, कारण जपानबद्दल निदान चार पुस्तकं होती, फॉर्मोसाबद्दल त्याहून कमी. एका परधर्मीयाला आपल्या चर्चमध्ये आणल्याचं बक्षीस म्हणून इनेसला पोर्तुगालमधल्या इंग्लिश फौजेत मोठं पद मिळालं. याच इनेसने पुढे दुसऱ्याचं लिखाण स्वतःच्या नावाने छापलं होतं. असो.

लंडनमध्ये आल्यावर मात्र सोंग वहीवर भागेना. लोकांना अख्खा देश हवा होता. सॅल्मनाझारने तो दोन महिन्यांत लॅटिनमध्ये लिहून काढला, त्याचं इंग्रजी भाषांतर झालं आणि १७०४ मध्ये फॉर्मोसा बेटाचं ऐतिहासिक आणि भौगोलिक वर्णन अशा नावाने ते पुस्तक आलं. दुसऱ्याच वर्षी दुसरी आवृत्ती. पाठोपाठ फ्रेंच, डच, जर्मन भाषांतरं.

आणि काय नव्हतं त्या पुस्तकात! राजधानी आहे, तिचं नाव झ्टेर्नेत्सा. राजा आहे, मेर्यांदानू, त्याने कपटाने जपानच्या सम्राटाला मारून गादी बळकावलेली. वीस अक्षरांची लिपी, उजवीकडून डावीकडे लिहायची, तिचा तक्ता छापलेला. नाण्यांची चित्रं. राजा, राणी, सरदार, नागरिक, खेडूत यांच्या पोशाखांची वेगवेगळी चित्रं, म्हणजे कपड्यावरून माणसाचा दर्जा कळावा. दोन हत्तींच्या मध्ये टांगलेली प्रचंड पालखी, तिचं नाव नोरिमोन्नो. यातली गंमत बघा, नोरिमोन हा शब्द खरोखरच जपानी पालखीचा आहे, तो त्याने जपानवरच्या पुस्तकांतून उचलला. अशी थापेत मधूनमधून खऱ्याची एखादी काडी घातली की अख्खी मोळी बांधता येते.

समाजाचं वर्णन तर विचारूच नका. लोक सापाचं मांस खातात. सकाळी सापाचं रक्त पितात म्हणून शंभर वर्षं जगतात. याचे आजोबा म्हणे ११७ वर्षांचे होऊन गेले. बायको व्यभिचारी निघाली तर नवऱ्याला तिला खायचा अधिकार. पुरुषाला अनेक बायका करता येतात, आणि का, तर दर वर्षी देवाला नऊ वर्षांखालच्या १८,००० मुलग्यांची काळजं जाळावी लागतात, तेवढी मुलं हवीत ना. या बळींच्या वेदीचंही चित्र आहे.

हा १८,००० चा आकडा पुढे त्याच्याच गळ्यात पडला. लोकांनी हिशेब मांडला : एका लहान बेटावर वर्षाला एवढी पोरं मारली तर थोड्याच काळात बेट ओस पडेल. तोवर हा आकडा त्याच्या तोंडून बाहेर गेलेला होता. आणि सॅल्मनाझारचा एक नियम होता, तो त्याने आत्मचरित्रात स्वतः सांगितलाय. एकदा बोललेली गोष्ट, कितीही अशक्य असो, मागे घ्यायची नाही, दुरुस्त करायची नाही. दुसऱ्या आवृत्तीत त्याने पंचवीस आक्षेप घेऊन त्यांना एकेक करून उत्तरं दिली. तू एवढा गोरा कसा? आमच्याकडे वरच्या वर्गातले लोक उन्हाळाभर जमिनीखालच्या थंड घरांत राहतात. धुराड्यात ऊन का येत नाही? वाकडी आहेत. एकही प्रश्न बिनउत्तराचा नाही. आपण खोटं ओळखायला बहुतेक वेळा काय बघतो? माणूस अडखळतो का, बोलणं बदलतो का. हा कधी अडखळला नाही, म्हणून लोकांना वाटलं खरं असणार. प्रत्यक्षात जो खरंच तिथे राहिलाय तो दहा वेळा म्हणेल की हे मला नीट आठवत नाही बुवा, हे मी पाहिलेलं नाही.

पण नुसत्या हजरजबाबीपणावर हे चाललं नाही. बाजूने वारं होतं. १७०४ म्हणजे स्पेनच्या गादीवरून युद्ध पेटलेलं, इंग्लंडचा शत्रू कॅथलिक फ्रान्स, आणि जेझुइट पाद्री म्हणजे लंडनमधल्या सामान्य माणसाच्या डोक्यात पक्का कारस्थानी. सॅल्मनाझारने सांगितलेली स्वतःची कहाणी काय? एका जेझुइटाने वेष पालटून फॉर्मोसात येऊन मला फसवलं, फ्रान्समध्ये पळवून आणलं, छळ केला, तरी मी कॅथलिक झालो नाही. मग ल्यूथरचा पंथ पाहिला, कॅल्विनचा पाहिला, तेही पटले नाहीत, शेवटी इंग्लंडचं चर्च तेवढं पटलं. या धर्मांतराच्या कहाणीने आणि वादविवादाने पुस्तकाचा मोठा भाग व्यापलाय! म्हणजे लंडनच्या वाचकाने पैसे मोजले फॉर्मोसासाठी, आणि वाचली स्वतःचीच स्तुती.

आता तेव्हा लंडनमध्ये खरंच एक माणूस होता जो या विषयावर बोलू शकत होता. जाँ द फाँतने, फ्रेंच, चीनमध्ये काम करून आलेला. रॉयल सोसायटीने दोघांची गाठ घालून दिली. फाँतनेने सांगितलं की फॉर्मोसा चीनच्या ताब्यात आहे. हे बरोबर होतं, १६८३ पासून तिथे चिंग राजवटीचा अंमल होता. सॅल्मनाझार म्हणाला, नाही, जपानच्या. झालं! फाँतने जेझुइट होता. जेझुइट या पोराला खोटा म्हणतोय म्हणजे पोरगा खराच असणार, असं बऱ्याच जणांनी ठरवलं. सॅल्मनाझार एवढा बेडर की पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्याने हा वाद स्वतःच छापला.

रॉयल सोसायटीतल्या जाणत्यांना तो भोंदू आहे हे लवकर कळलं होतं, हे मुद्दाम सांगायला हवं. ‘सगळे फसले’ असं म्हणतात ते खरं नाही. पण कळूनही त्याचं दुकान बंद झालं नाही. बिशपच्या मदतीने त्याला ऑक्सफर्डला पाठवलं, सहा महिने. तिथे हा रात्रभर मेणबत्ती जळत ठेवायचा आणि खुर्चीतच झोपायचा, म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला वाटावं की विद्वान अभ्यास करतोय. जेवणाच्या टेबलावर कच्चं मांस, मसाला लावून. लोक बघायला यायचे.

इथे थोडं मागे जातो. काल्पनिक बेट-देश रचणारा हा काही पहिला नाही. टॉमस मोरने १५१६ मध्ये ‘युटोपिया’ लिहिलं. तिथेही बेट, चोपन्न शहरं, माणसाने दिवसाला सहा तासच काम करायचं, सोन्याची किंमत इतकी कमी की त्याची शौचपात्रं करायची. त्या पुस्तकातसुद्धा युटोपियाच्या लिपीचा तक्ता छापला होता! मग मोर थोर आणि सॅल्मनाझार लबाड, असं का? मला वाटतं फरक लिपीत नाही. युटोपिया या नावाचाच अर्थ ‘कुठेच नसलेली जागा’, आणि ही गोष्ट सांगणाऱ्या प्रवाशाच्या नावाचा अर्थ साधारण ‘बडबड्या’. ग्रीक जाणणाऱ्या वाचकाला डोळा मारून मोर लिहितो. शिवाय त्या बेटावर खरं कोणी राहत नव्हतं, त्यामुळे कोणाचं काही गेलं नाही. फॉर्मोसात माणसं राहत होती.

ही माणसं कोण? सॅल्मनाझारच्या आधी ऐंशी वर्षं, १६२४ पासून १६६२ पर्यंत, बेटाच्या नैर्ऋत्य भागात डच ईस्ट इंडिया कंपनीचा अंमल होता. आजच्या तैनान शहराच्या आसपासचा हा भाग. तिथे सिराया लोकांची गावं होती. १६२७ मध्ये कँडिडियस नावाचा मिशनरी तिथे गेला, त्यांच्या गावात राहिला, भाषा शिकला आणि जे पाहिलं ते लिहिलं. त्याच्या लिखाणात मिशनऱ्याचे पूर्वग्रह आहेतच, ते सोडून देऊ. पण तो सांगतो ते बघा. या बेटावर एक राजा नाही, प्रत्येक गाव स्वतंत्र. गावाचा कारभार बारा जणांची सभा बघते, आणि दर दोन वर्षांनी हे सभासद पद सोडतात, दुसरे येतात. पूजाअर्चा बायका करतात, पुजारी पुरुष नाहीतच. लग्न झालं तरी नवरा वेगळा राहतो, बायकोकडे रात्री जातो.

मला हे सोन्याच्या नाण्यांपेक्षा आणि हत्तीच्या पालख्यांपेक्षा कितीतरी नवलाचं वाटतं. राजाशिवायचा, दोन वर्षांच्या मुदतीचा कारभार! पण लंडनला बेटावर राजा हवा होता, दरबार हवा होता आणि पोरांची काळजं जाळणारे पुरोहित हवे होते. सॅल्मनाझारने कँडिडियस वाचला होता. त्याने प्रस्तावनेत त्यालाच खोटा ठरवला. मी तिथला, तो परका, मग खरं कोणाचं? हा युक्तिवाद तेव्हाही चालला आणि, काय सांगू, आजही चालतो.

भाषेचं तर आणखीच. १६६१ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये मॅथ्यूचं शुभवर्तमान सिराया भाषेत छापलं गेलं. डॅनियल ग्रॅव्हियसने केलेलं भाषांतर. एका बाजूला डच, शेजारी सिराया, रोमन अक्षरांत. म्हणजे फॉर्मोसाची एक खरीखुरी भाषा लंडनहून समुद्रापलीकडच्या शहरात छापील रूपात त्रेचाळीस वर्षं उपलब्ध होती. आणि डच निघून गेल्यावरही सिराया लोकांनी ती लिपी सोडली नाही. चिनी वसाहतवाल्यांशी जमिनीचे व्यवहार करताना, खरेदीखतं-गहाणखतं ते आपल्या भाषेत रोमन अक्षरांत लिहीत राहिले, थेट एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत. तेव्हा लंडनमध्ये लोक वीस अक्षरांचा बनावट तक्ता कौतुकाने बघत होते त्या काळात खऱ्या फॉर्मोसात कोणी सिराया शेतकरी आपली जमीन हातातून जाताना आपल्या भाषेत सही-शिक्क्याचा कागद करत होता. हे कळल्यापासून वाकड्या धुराड्यांचा किस्सा माझ्या तोंडून पूर्वीसारखा रंगत नाही.

सॅल्मनाझारचं पुढे काय झालं? लोकांना कंटाळा आला. कोणी मोठा खटला नाही, शिक्षा नाही, नुसता उत्साह ओसरला. पंखे रंगवणं, शिकवण्या, पलटणीत कारकुनी असं करत त्याने दिवस काढले. १७२८ मध्ये मोठं आजारपण आलं, त्यात धार्मिक वाचन घडलं आणि तो खरोखर बदलला. हिब्रू शिकला. प्रकाशकांसाठी मोबदल्यावर जाडजूड ग्रंथांची प्रकरणं लिहून पोट भरू लागला. पण १७२९ मध्ये स्विफ्टने गरिबांची पोरं खाण्याचा तो प्रसिद्ध उपरोधिक प्रस्ताव लिहिला, त्यात फॉर्मोसाच्या या ‘रहिवाशा’चा दाखला आहेच. नाव पुसलं जात नव्हतं.

१७४७ मध्ये भूगोलाचा एक मोठा ग्रंथ निघाला. त्यातलं फॉर्मोसावरचं प्रकरण सॅल्मनाझारने लिहिलं, स्वतःचं नाव न घालता, आणि त्यात लिहिलं की सॅल्मनाझार नावाच्या माणसाचं जुनं पुस्तक बनावट आहे. चाळीस वर्षांनी स्वतःविरुद्ध साक्ष, तीही तृतीयपुरुषी!

म्हातारपणी तो लंडनच्या ओल्ड स्ट्रीट भागात राहायचा. शब्दकोशकार सॅम्युअल जॉन्सन, जो कोणालाही वादात सोडायचा नाही, तो याच्याबरोबर तिथल्या दारूच्या गुत्त्यात जाऊन बसायचा. तुम्ही त्याचं म्हणणं कधी खोडलंत का, असं कोणी विचारल्यावर जॉन्सनच्या उत्तराचा आशय असा होता की बिशपचं म्हणणं खोडायचं धाडस होईल तेवढंच मला याच्यापुढे होईल. १७६३ च्या मे महिन्यात तो वारला. मृत्युपत्रात लिहिलं होतं की सार्वजनिक दफनभूमीत, कमीत कमी खर्चात पुरा, शवपेटीही नको. आत्मचरित्र पुढच्या वर्षी छापून आलं. त्याने माफी मागितली ती देवाची आणि फसलेल्या वाचकांची. फॉर्मोसातल्या लोकांची आठवण त्याला त्या अर्थाने झालेली दिसत नाही. त्याच्या दृष्टीने ते बेट शेवटपर्यंत कागदावरचंच राहिलं असावं.

सिराया भाषा बोलणारे एकोणिसाव्या शतकात संपले. लोक राहिले, पण सरकारदरबारी मूळनिवासी म्हणून त्यांची नोंद नव्हती. गेल्या काही दशकांत तैनानच्या आसपासच्या सिराया कुटुंबांनी भाषा पुन्हा उभी करायला घेतली. शब्द कुठून आणायचे? ग्रॅव्हियसच्या १६६१ च्या त्या पुस्तकातून. शब्दसंग्रह तयार झाला, मुलांना गाणी शिकवली जातायत. मान्यतेसाठी ते कोर्टात गेले, आणि २०२२ मध्ये तैवानच्या घटना न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला : मूळनिवासींच्या कायद्यातून त्यांना वगळणं घटनेला धरून नाही.

आजच्या भागात एवढंच. ग्रॅव्हियसच्या पुस्तकाची पानं इंटरनेटवर बघायला मिळतात, जमलं तर एक पान उघडून बघा. डावी-उजवीकडे दोन रकाने, अर्थ कळला नाही तरी चालेल. भेटू पुढच्या भागात.